गप्प राहणं म्हणजेच निष्ठा? एका फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

दुसऱ्या महायुद्धातल्या भूमिगत योद्ध्यांबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा सारांश असा: खरे योद्धे पकडले गेल्यावर एक शब्दही बोलले नाहीत, जो बोलला तो गद्दार, भूमिगत जाळी अशा गद्दारांमुळेच फुटली, पकडलं जाताच विषाची गोळी गिळायला हवी होती, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधून लंडनला वायरलेस संदेश पाठवणारी नूर इनायत खान गप्प राहिली म्हणून तिच्या साथीदारांना धक्का लागला नाही. मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात आदर आहे, हे दिसतं. पण त्याने लावलेल्या मापाने खऱ्याखुऱ्या शूर माणसांवर अन्याय होतो.

‘एक शब्दही बोलले नाहीत’

ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेने जर्मनांच्या ताब्यातल्या देशांत हेर पाठवताना कायमचं मौन गृहीत धरलेलंच नव्हतं. मागणी होती ती 48 तासांची. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी घर सोडायचं, कागद जाळायचे, निरोपाची ठिकाणं बदलायची. अटकेची खबरच बाहेर पोचली नाही, तर मात्र कैद्याने सोसलेले ते दोन दिवस फुकट जात.

काय बोलायचं, याचीही तयारी असे. संदेश शत्रूच्या दबावाखाली पाठवलेला नाही हे लंडनला कळावं, म्हणून वायरलेसवाल्याला संदेशात पेरायच्या दोन खुणा दिलेल्या असत. एक खरी आणि एक दाखवायची. छळ असह्य झाला की दाखवायची खूण सांगून टाकायची आणि खरी पोटात ठेवायची. म्हणजे ‘बोलणं’ हा योजनेचाच भाग होता. पुढे संकेतलिपीतही सुधारणा झाली. आधी किल्ली पाठ केलेल्या कवितेतल्या शब्दांवरून तयार होई, त्यामुळे मारहाण करून कविता वदवून घेता येई. नंतर रेशमी कापडावर छापलेल्या किल्ल्या आल्या. एक वापरली की ती पट्टी कापून जाळायची. जे लक्षातच नाही, ते कोणी कसं वदवून घेणार?

बेल्जियमच्या आंद्रे द जाँगचं उदाहरण तर हा मुद्दा पुरता उलटवतं. विमान पाडलं गेल्यावर मागे राहिलेल्या वैमानिकांना पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये नेणारी ‘कोमेट’ वाट तिने उभी केली. जानेवारी 1943 मध्ये ती पकडली गेली. संशय वडिलांवर जाऊ नये म्हणून तिने चक्क कबुली दिली, की प्रमुख मीच आहे. 26 वर्षांची पोरगी एवढं सगळं चालवते, यावर जर्मनांचा विश्वासच बसला नाही. तीही बोललीच होती. तिला गद्दार म्हणणार का?

‘जाळी गद्दारांमुळे फुटली’

काही ठिकाणी फितुरी होती, हे खरंच. पण सर्वात मोठी पडझड कशी झाली ते नीट पाहा.

हॉलंडमध्ये एसओईचा हूब लाउवर्स हा वायरलेसवाला 6 मार्च 1942 रोजी हेग शहरात पकडला गेला. त्याची खरी खूण होती संदेशाच्या 16व्या अक्षरात मुद्दाम चूक करणं. हाती लागलेल्या जुन्या संदेशांत ती चूक योगायोगाने ‘स्टॉप’ या शब्दात पडली होती. त्याने जर्मनांना ठोकून दिलं, की ‘स्टॉप’ शब्दातलं अक्षर बदलणं हीच आमची खूण. त्यांना पटलं. मग तो त्यांच्या सांगण्यावरून, पण खऱ्या खुणेविना, संदेश पाठवत राहिला. लंडनला कळावं म्हणून जिवावर उदार होऊन केलेलं काम होतं हे. लंडनने लक्षच दिलं नाही. पुढे उतरवलेला एकेक हेर थेट जर्मनांच्या तावडीत गेला, 50हून अधिक. त्यातले बहुतेक मारले गेले.

एसओईच्या पॅरिसमधल्या ‘प्रॉस्पर’ जाळ्यातला वायरलेसवाला गिल्बर्ट नॉर्मन जून 1943 मध्ये सापडला. त्याच्या नावाने जर्मनांनी पाठवलेल्या संदेशात खरी खूण नव्हती. लंडनचं उत्तर आलं, की दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे! शत्रूच्या देखत. असं उत्तर डोळ्यांसमोर आल्यावर माणसाच्या मनाचं काय होत असेल, याचा विचार त्याला नावं ठेवणाऱ्यांनी करावा. 6 सप्टेंबर 1944 रोजी माउथहाउजेन छावणीत त्याला ठार केलं गेलं.

शिवाय चौकशी करणाऱ्यांकडे हेरांच्या खासगी पत्रांच्या फोटोप्रती आधीच असत. त्या समोर टाकल्या की कैद्याला वाटे, यांना सगळं ठाऊकच आहे, आता लपवायचं कशासाठी? पॅरिसच्या 84, आव्हेन्यू फॉश या जर्मन गुप्तचरांच्या इमारतीत चाबकाइतकाच हा डावही चालला.

‘विषाची गोळी गिळायला हवी होती’

गोळी ऐच्छिक होती. फ्रान्सच्या भूमिगत लढ्यातला एक नेता पियेर ब्रॉसोलेत 22 मार्च 1944 रोजी त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून उडी मारून मेला. रंगवलेल्या केसांतली पांढरी बट त्याची ओळख पटवायला पुरेशी होती. तो निर्णय त्याचा स्वतःचा होता. इतरांवर तो लादायचा अधिकार आपल्याला नाही.

‘नूर गप्प राहिली म्हणून साथीदार वाचले’

नूरचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, पणजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारातले गवई. त्यामुळे तिच्याबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, आणि तो रास्तच आहे. ऑक्टोबर 1943 मध्ये पकडल्यावर तिने काहीही सांगितलं नाही, खोटंच सांगत राहिली, अशी साक्ष खुद्द त्या इमारतीचा प्रमुख कीफर याने युद्धानंतर दिली. दोनदा तिने पळायचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही, असं लिहून द्यायला नकार दिला, म्हणून फोर्झहाइमच्या तुरुंगात तिला महिनोन् महिने साखळदंडात ठेवलं.

पण पाठवलेल्या संदेशांच्या प्रती तिने वहीत जपून ठेवल्या होत्या आणि वही जर्मनांना मिळाली. सूचनेतल्या ‘फायलिंग’ या शब्दाचा अर्थ तिने ‘नोंद ठेवणे’ असा घेतला असावा, असं मानलं जातं. त्या वहीच्या आधारे जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी बोलणं चालू ठेवलं, आणि लंडन पुन्हा फसलं. फेब्रुवारी 1944 च्या अखेरीस फ्रान्स आँतेल्म, लायोनेल ली आणि मादलेन दामर्माँ हे तिघे हवाई छत्रीने उतरले ते सरळ वाट पाहणाऱ्या जर्मनांच्या हातात.

13 सप्टेंबर 1944 च्या सकाळी डाखाउ छावणीत नूरला गोळी घातली गेली. त्याच वेळी आणखी तिघींना मारलं. त्यांतली एक होती मादलेन दामर्माँ. ‘साथीदारांना धक्का लागला नाही’ हे वाक्य कृपा करून पुढे पाठवू नका.