सोळा पाऊणे बारा

"काही करायचं नाही, नुसतं समुद्रावर जाऊन पडायचं," एवढाच बेत होता. अलिबागला शनिवारी अर्धी मुंबई आपल्या आधी पोहोचलेली असते, म्हणून मनोरी. महापालिकेच्या हद्दीतलंच गाव, पण मध्ये खाडी. मालाड स्टेशनाबाहेरून 272 नंबरची बस पकडायची, मार्व्याला उतरायचं आणि बोटीत बसायचं. तिकीट काढून सुटे पैसे खिशात घालेपर्यंत पलीकडचा धक्का येतो.

नुसतं पडायला आम्ही चौघांनी सहा बॅगा घेतल्या होत्या. एकीत फक्त टॉवेल. बोटीत एक स्कूटरवाला स्कूटरसकट चढला, त्याचं सामान आमच्यापेक्षा कमी होतं.

तारीख बायकोने निवडलेली. पौर्णिमा. तिला चांदण्यातला समुद्र बघायचा होता.

बारा वाजता पोहोचलो तेव्हा समुद्र अगदी माडांपर्यंत आलेला. चिरंजीव तिथेच बूट काढायला लागले. पण ताटं वाढून तयार होती, आणि आमचे अण्णा म्हणाले, "आधी जेवा. समुद्र कुठे पळून जातोय?" बोंबील असे कुरकुरीत, की मी मोजणं सोडून दिलं. जेवण झाल्यावर अण्णांनी दुसरा कायदा काढला: भरल्या पोटी पाण्यात उतरायचं नाही. मग आडवे झालो.

साडेपाचला जय्यत तयारीनिशी किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र पळून गेलेला.

म्हणजे होता, पण लांब, एक चकचकीत रेघ. मधे नुसती ओली वाळू, आणि बारक्या खेकड्यांनी वळून ठेवलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या. आम्ही रेघेच्या दिशेने चालू लागलो. वाळूचा चिखल झाला, चिखलाने माझी डावी चप्पल गिळली, पाणी मात्र घोट्याच्या वर यायला तयार नाही. चिरंजीव कमरेला बदकाची ट्यूब अडकवून टीचभर पाण्यात उभे होते. बदकाचे पायसुद्धा भिजले नसते.

"दर्या दुपारी आलेला की," खोलीवाल्या मावशी म्हणाल्या. "तुम्ही झोपलेले." मग त्यांनी हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज पुनव, पंधरावी तिथी. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. पुनवेला आणि अवसेला उधाण, म्हणून पाणी येतं तेवढंच लांब जातं.

आपल्याला भरती माहीत ती जुलैतल्या बातम्यांपुरती. साडेचार मीटर म्हटलं की आपण ऑफिसातून लवकर निघायचं कारण शोधतो. ते पाणी उरलेले सहा तास कुठे असतं, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता.

अण्णांना मात्र हर्ष मावेना. लहानपणी छडी खाऊन पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, आज पहिल्यांदा उपयोगी पडत होती. "रात्री साडेअकराला परत भरती!" त्यांनी जाहीर केलं. "सगळे जाऊ. चांदणंही असेल."

साडेनऊला सगळे घोरत होते. मला जाग आली ती लाटांच्या आवाजाने. फाटकापर्यंत गेलो. फाटकाला कुलूप, कुलपाशेजारी कुत्रं, आणि माडांच्या पलीकडे तो भरभरून आलेला. चांदणंही होतं. बायकोला उठवावं की नाही, यावर मी पाच मिनिटं विचार केला आणि जिवाच्या भीतीने गप्प पडून राहिलो.

सकाळी सहाला पुन्हा रेघ. "आजची वेळ?" चिरंजीवांनी आशेने विचारलं.

"सोळा पाऊणे बारा," अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले.

खोली अकराला सोडायची होती.

बाराच्या बोटीत बसलो तेव्हा खाडी काठोकाठ. सहा बॅगा, टॉवेलांची घडीसुद्धा मोडलेली नाही, आणि सातवी पिशवी सुक्या बोंबलांची. ट्यूबमधली हवा काढायला चिरंजीवांनी साफ नकार दिला होता. मधोमध आलो आणि समोरून दुसरी बोट जोरात गेली. पाण्याचा एक सपकारा थेट आमच्या बाकावर.

"बाबा, समुद्र!" बदक ओरडलं.

टॉवेलांची बॅग सगळ्यात खाली होती.