पातेलं कुणाचं?

आज उपासनेनंतर सव्वादोन तास मीटिंगला बसले आणि डोकं धरून घरी आले. भांडी तशीच पडलीत, पण आधी हे लिहिते. ज्यांना लागेल त्यांनी खुशाल लावून घ्या.

यंदा ईस्टर ५ एप्रिलला. भायखळा-परळ पट्ट्यातल्या पाच चर्चेसनी मिळून पहाटेची प्रभातफेरी काढायची आणि नंतर परळला हॉस्पिटलांबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना चहा-नाश्ता द्यायचा, हे ठरवायला जमलो होतो. दोन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), एक मेथडिस्ट, एक कॅथलिक आणि एक ती नवीन, भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी मंडळी, म्हणजे चर्चच. केवढी चांगली गोष्ट! आणि दीड तास गेला कशावर, तर बॅनरवर. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. एक म्हणाले, स्थापनेच्या सालाप्रमाणे लावा. लगेच दुसरे, मग सभासदसंख्येप्रमाणे लावा. तिसऱ्यांना पाळकांचे फोटो हवेत. बॅनरवरचं वचन कुठलं? बायबलमधलं योहान १७, सगळे एक व्हावेत म्हणून प्रभूने केलेली प्रार्थना. मला मोठ्याने हसू आलं. सगळ्यांनी असं वळून पाहिलं, जसा काही प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, वेळी माझा मोबाईल वाजला.

मग वीस मिनिटं, लाउडस्पीकर कुणाचा. अहो, सकाळी सहाच्या आत स्पीकरला बंदी आहे, फेरी निघणार पाचला! आमच्या आजोबांपासून फेरी गळ्यावर आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांवर चालत आलीय, तुमच्या स्पीकरवाचून काय अडलंय?

नाश्त्याच्या वाट्याला आली पाच मिनिटं. "ते महिला मंडळ बघेल." झालं. आमेन.

मीटिंगचा चहा आमच्या मोठ्या पितळी पातेल्यात झाला होता. आमच्या मंडळीत वाढलेल्यांना ते पातेलं माहीत आहे. त्याच्या काठावर ठोक्याठोक्याने नाव घातलेलं आहे, आणि ते आमच्या चर्चचं नाही. कॅथलिक चर्चचं आहे.

१९८२. मी आठ वर्षांची, पपा कापडगिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर. गिरणी संप १८ जानेवारीला सुरू झाला, ईस्टर आला ११ एप्रिलला. तोवर घरात चहा काळा झाला होता, तोही गुळाचा. मंडळीतली निम्मी घरं गिरणीची, म्हणून फेरीनंतरचा चहा आणि अंडी यंदा नाहीत, असं पाळकसाहेबांनी आदल्या रविवारीच सांगून टाकलेलं. फेरी गात गात चाळीत आली, तर जिन्याखाली तळमजल्यावरचे काका हे पातेलं घेऊन उभे. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, कॅथलिक. पपांच्याच गिरणीत, म्हणजे पगार त्यांचाही बंद. त्यांची ईस्टरची मोठी मिस्सा शनिवारी रात्रीच असते. ती करून, त्यांच्या फादरकडून पातेलं आणि दूध मागून आणून, माणूस न झोपता उभा होता. काकू म्हणाल्या, "बाय, फुगे घे." मी रंगीत फुगे शोधत बसले. परातीत होते मैद्याचे, तळलेले, गोल गोल. तोंड भाजलं तरी चार खाल्ले.

पपा पातेलं परत द्यायला गेले तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुढच्या वर्षी लागंल." पुढच्या वर्षापर्यंत ते वसईला राहायला गेले. चव्वेचाळीस वर्षं झाली, पातेलं आमच्याकडेच.

त्या पातेल्यातला चहा पीत पीत लोक आज बॅनरवर भांडत होते, हे मला सहन झालं नाही.

प्रभुभोजन एकत्र होऊ शकत नाही, मान्य. पैशांचा हिशोब कुणाकडे तरी लागतो, तेही मान्य. पण १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या आपापली नावं सोडून सीएनआय झाल्या, त्यांच्या नातवंडांना आज बॅनरवर नाव वर पाहिजे? मेथडिस्टांतले अमेरिकन मिशनवाले तेव्हा ऐन वेळी मागे राहिले, त्याचे टोमणे छप्पन्न वर्षांनी अजून चालूच. आज ज्यांनी टोमणा मारला त्यांचा तेव्हा बाप्तिस्माही झाला नव्हता.

बुधवारी मी परळला जाऊन आले, किती माणसं असतात ते बघायला. एक बाई, जळगावकडची, रिपोर्टची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाला घेऊन पडली होती. मला बघून उठली. पहिला प्रश्न काय, तर "ताई, गरम पाणी कुठं भेटंल?" नवऱ्याला गोळी द्यायची होती. आपल्याकडे पाच चर्चेस, पाच स्वयंपाकघरं, आणि बाईला गरम पाणी मिळत नाही. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची सोय होते, तिथे भिंतीवर कुणाचं नाव वर आहे हे कुणी बघत बसत नाही. आणि मरणातून उठलेल्या प्रभूने तळ्याकाठी काय केलं? निखाऱ्यांवर मासळी भाजली आणि शिष्यांना म्हणाला, या, न्याहारी करा. बॅनर लावला नाही.

जाऊ दे. भांडी घासते.

एडिट, रात्री साडेनऊ: जरा जास्तच बोलले. पाळकसाहेबांचा फोन आला. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी विचारलं, पाव किती लागतील? मी म्हटलं, चारशे. म्हणाले, बरं. बॅनरचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. नवीन मंडळीतल्या एका पोराचा मेसेज आलाय, टेम्पो आणि पंधरा मुलं देतो म्हणून. त्यांच्या प्रार्थनेच्या आवाजाने माझं डोकं उठतं, हे मी गेल्या महिन्यात चारचौघांत बोलले होते. त्याला ते नक्की कळलेलं असणार. तरी मुलं देतोय.

तर बायांनो, आणि पुरुषांनासुद्धा हात असतात, शनिवारी ४ तारखेला रात्री आठला अंडी उकडायला माझ्याकडे या. मिठाच्या आणि मिरपुडीच्या पुड्या बांधायच्यात. ज्यांच्याकडे मोठे थर्मास आहेत त्यांनी आणा, एक थर्मास नुसत्या गरम पाण्याचा ठेवणार आहे. पातेल्याची आतली कल्हई उडत चाललीय, कुणाला कल्हईवाला माहीत असेल तर कळवा, भायखळ्यात मला एक दिसला नाही.

बाहेरून मात्र चिंच लावून घासलं, आता काठावरचं नाव लख्ख वाचता येतं. आज मीटिंगला त्याच चर्चचे फादर होते. चहा दोनदा घेतला त्यांनी. बहुतेक त्यांचं लक्ष गेलं नाही. कुणी सांगू नका.