कोजागिरीचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि आमचे दूध-पोहे

दसरा झाला रे झाला की तो मेसेज फिरायला लागतो. आमच्या बडोद्यातल्या तीन मराठी ग्रुपवर एकाच दिवशी आला, एका ठिकाणी तर माझ्याच आत्याने टाकला आणि खाली "सर्वांना पाठवा" असं लिहिलं, म्हणून आता नीट बसून उत्तर लिहितेय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोजागिरीला चंद्र वर्षातून एकदाच पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो, त्या रात्री त्याच्या किरणांत औषधी गुण असतात आणि दुधातलं लॅक्टिक अ‍ॅसिड ते शोषून घेतं, म्हणून दूध चार तास उघडं ठेवून प्यायलं की दमा जातो. चांदण्यात सुईत दोरा ओवला की चष्म्याचा नंबर उतरतो. शास्त्रात फक्त मसाला दूध सांगितलंय, दूध-पोहे ही गुजराती भेसळ आहे आणि बडोद्याच्या मराठ्यांनी आपली परंपरा सोडली. शिवाय ओवाळायचं ते फक्त थोरल्या मुलाला.

चंद्राचं आधी घेऊ, कारण ते कुणालाही ताडून बघता येतं. चंद्राची कक्षा लंबगोल आहे, तो कधी साधारण ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर येतो तर कधी ४ लाख ६ हजारांवर जातो. जवळच्या बिंदूवर परत यायला त्याला साडेसत्तावीस दिवस लागतात आणि पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस, म्हणजे दोन्ही गोष्टी जुळणारी पौर्णिमा कायम सरकत राहते, तेरा-चौदा पौर्णिमांनी पुन्हा तसा योग येतो. सगळ्यात जवळची पौर्णिमा २०२१ मध्ये बुद्धपौर्णिमा होती, २०२२ मध्ये गुरुपौर्णिमा, २०२३ मध्ये नारळी पौर्णिमा, २०२४ मध्ये कोजागिरी, २०२५ मध्ये त्रिपुरी. २०२६ मध्ये हा मान दत्तजयंतीच्या पौर्णिमेकडे जातोय. म्हणजे २०२४ ला पौर्णिमांपुरता मेसेज खरा ठरला, पण तो फक्त त्या वर्षापुरता. आणि २०२० ची कोजागिरी आठवा, ३० ऑक्टोबरची, कोरोनामुळे सगळे आपापल्या घरच्या अगाशीत होतो ती, त्या रात्रीचा चंद्र तर त्या वर्षातल्या सगळ्या पौर्णिमांत लांबचा होता! तरी आम्हाला तो सुंदरच दिसला. कारण सरळ आहे, चार महिन्यांचा पाऊस नुकताच संपलेला असतो, धूळ बसलेली, आकाश धुऊन निघालेलं, आणि आपण आषाढापासून चंद्र धड बघितलेलाच नसतो. मला वाटतं शरदाच्या चांदण्याचं कौतुक पूर्वीपासून यासाठीच झालं असणार, त्याला किलोमीटरचा आधार लागत नाही.

आता औषधाचं. इथे मला खरंच राग येतो. चांदणं म्हणजे चंद्रावरून परत आलेला सूर्याचाच प्रकाश, तोही उन्हाच्या जवळजवळ चार लाखाव्या हिश्श्याइतका मंद. त्याने दुधात औषध तयार होत नाही. लॅक्टिक अ‍ॅसिडचं तर उलटंच आहे, ताज्या दुधात असते ती लॅक्टोज नावाची साखर, जंतूंनी ती आंबवली की लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं आणि दुधाचं दही व्हायला लागतं. म्हणजे दुधात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढलं तर ते दूध नासायला लागलंय असं समजायचं. ऑक्टोबरात बडोद्याची रात्र काही थंड नसते, कोमट दूध चार तास उघडं ठेवलं तर जंतूंना हवी तशी वेळ मिळते, वर किडे पडतात ते वेगळंच, आणि वाटी चांदीची असली तरी यात फरक पडत नाही. चंद्राला नैवेद्य दाखवायचाय ना, मग उकळतं दूध पातेल्यासकट वर न्या, चंद्र दुधात दिसेल इतपत पाच-दहा मिनिटं झाकण काढा आणि गरम गरम प्या. आमच्या घरी आजीच्या वेळेपासून असंच आहे.

आणि दमा. माझ्या मामेभावाला लहानपणापासून दमा आहे. एका वर्षी घरचे त्याला शरद पूनमची औषधी खीर द्यायला रात्रभर प्रवास करून घेऊन गेले, तिथे सांगितलं की आता पंप बंद ठेवायचा नाहीतर गुण येणार नाही, त्यांनी ऐकलं, आणि तिसऱ्याच दिवशी पोराला अ‍ॅडमिट करावं लागलं, मामी अजून त्याबद्दल बोलताना रडते. दमा म्हणजे श्वासनलिकांची सूज, ती आटोक्यात ठेवायला रोजचा पंप असतो, तो मध्येच सोडला की सूज परत वाढते. खीर श्रद्धेने खा, मीही खाते, पण पंप सोडू नका. एवढं एक वाक्य तरी त्या मेसेजच्या खाली लिहा.

सुई-दोऱ्याचं फार लांबवत नाही. नंबर नेत्रगोलाच्या आणि भिंगाच्या आकारावर असतो, दोरा ओवून तो बदलत नाही. खेळ म्हणून छान आहे, आम्ही बहिणी अजून लावतो, पहिली कोण ओवते ते.

खरी बोचली ती पोह्यांची गोष्ट, कारण त्यात आपल्या शेजाऱ्यांना आणि आपल्याला एकदमच नावं ठेवलीत. शास्त्र शास्त्र म्हणताय तर बघा ना काय सांगितलंय. व्रताचं नाव कोजागर. मध्यरात्री लक्ष्मी "को जागर्ति", कोण जागं आहे, असं विचारत फिरते, त्यावरून. पूजा लक्ष्मीची आणि ऐरावतावर बसलेल्या इंद्राची, नैवेद्य नारळ आणि पोह्यांचा, नारळाचं पाणी प्यायचं आणि फासे खेळत जागायचं. मसाला दुधाचा आग्रह त्यात नाहीये, बदाम-केशर घालून आटवलेलं दूध आपल्याकडे घराघरांत रुळलं, गोडच आहे ते, पण म्हणून तेच शास्त्र आणि पोहे परके असं कसं म्हणता? हे दिवस नवं भात हाती यायचे, कोकणात याच पौर्णिमेला नवान्न करतात. मग आपल्या गुजराती शेजारणी शरद पूनमला गार दुधात साखर घालून पोहे भिजवतात, चंद्राला दाखवतात, तेव्हा त्या जुन्या विधीच्या आपल्यापेक्षा जवळ आहेत. बंगाली लोक त्या रात्री लक्ष्मीपूजा करतात, मिथिलेत नव्या जावयाच्या घरी मखाणे आणि पानं जातात, सुरतेत दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याला घारी खातात. सगळ्यांचा चंद्र एकच, ताटं वेगवेगळी. दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्या आजीने दोन्ही केलं, आटवलेलं दूधही आणि पोहेही, गरबा संपवून मुली वर आल्या की वाटी हातात. दीडशे-दोनशे वर्षं इथे राहिलेल्या माणसांनी शेजारच्याची वाटी घेतली तर परंपरा सुटत नाही हो.

राहिलं ओवाळणं. आश्विनी करतात ती ज्येष्ठ अपत्याची, मुलगा असो की मुलगी. आमच्याकडे ताई थोरली, आई तिलाच ओवाळते, नवे कपडे तिलाच, आणि लग्न होऊन ती नाशिकला गेली तरी त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर निरांजन धरलं जातं.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं, ती म्हणाली बरं, मग यंदा तू काय करणार. यंदा अगाशीत सगळ्या मजल्यांना बोलावलंय, समोरच्या बेन पोहे भिजवून आणतील, दूध मी साडेअकराला चढवेन, नारळ सहा सांगितलेत. मध्यरात्रीपर्यंत मोबाईल बघत जागण्यापेक्षा आजीचा सारीपाट माळ्यावरून काढायचाय, सोंगट्या सगळ्या आहेत पण कवड्या दोन कमी पडतात, कुणाकडे जादा असतील तर कोजागिरीच्या आधी कळवा.