२५२० खास आहे, पण फिरणाऱ्या मेसेजमधल्या कारणांसाठी नाही

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज सांगतो : १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या, ती रामानुजन यांनी शोधली, आणि तिचे गूढ म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने.

‘एकमेव’ चूक. ५०४०, ७५६०, १००८०... २५२० चा पाढा म्हणत जा, प्रत्येक संख्येला १ ते १० ने भाग जाईल. खरी गोष्ट अशी की २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि.

तो निघतो कसा? मूळ अवयव पाहा. ८ ला तीन वेळा २ लागतो, ९ ला दोन वेळा ३. ५ आणि ७ एकेकदा. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ४, ६, १० यांना लागणारे अवयव यात आधीच आले. इथे दोन चुका हमखास होतात. फक्त २ × ३ × ५ × ७ केले तर २१० येतात, त्यांना ४, ८, ९ ने भाग जात नाही. उलट दहाही संख्या गुणल्या तर ३६,२८,८०० येतात, म्हणजे २५२० च्या १४४० पट, कारण तेच अवयव पुन्हापुन्हा मोजले जातात. पुढे ११ घेतला की २७७२०. १२ साठी काहीच वाढवावे लागत नाही. लसावि वाढतो तो मूळ संख्या किंवा तिचा घात आला तरच. २० पर्यंत ११, १३, १६, १७, १९ एवढ्याच ठिकाणी, आणि उत्तर २३,२७,९२,५६०.

शोधाचे श्रेयही तपासायला हवे. लसावि काढण्याची रीत युक्लिडने इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास दिली. नवव्या शतकात गणिती महावीराचार्य लसाविला ‘निरुद्ध’ म्हणत. रामानुजन यांचे काम याहून खोल आहे, आणि मेसेजमध्ये नेमके तेच नाही. आपल्यापेक्षा लहान प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली दीर्घ शोधनिबंध लिहिला. २५२० त्यांपैकी एक : २, ३, ५, ७ यांचे घातांक ३, २, १, १; प्रत्येकात एक मिळवून गुणाकार केला की ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. अशा संख्यांत मूळ अवयव मोठा होत जाताना घातांक कधीच वाढत नाही, आणि ४ व ३६ सोडून शेवटचा घातांक नेहमी १ असतो, हे त्यांनी सिद्ध केले.

राहिले पंचांग. ७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर आहे, पण चांद्रमासात ३० असतात त्या तिथी. दिवस सरासरी २९.५३, बारा महिन्यांचे सुमारे ३५४. म्हणून तर अधिक मास घ्यावा लागतो. ४८ विभाजकांची संख्या कशीही फोडता येते : २४ × १०५, ६० × ४२. वर आलेले १४४० म्हणजे दिवसाची मिनिटेही होतात. पण १ ते १० च्या गुणाकारात घड्याळ दडलेले नाही. २४ आणि ६० ही दोन्ही २, ३, ५ याच अवयवांची बनली आहेत, एवढेच.