टीव्हीखाली शेकोटी: त्या फॉरवर्डला उत्तर

हिवाळ्याची चाहूल लागली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. फोटोत काळ्या लुव्हर्सची (उभ्या पट्ट्यांच्या पॅनेलची) भिंत, मधोमध लांबट इलेक्ट्रिक फायरप्लेस आणि तिच्यावर भलामोठा टीव्ही. खाली मजकूर: 'भिंत कोरून बसवा, साध्या प्लगवर चालते, नाममात्र बिलात हॉल उबदार, पीव्हीसी पॅनेल लावून दोन दिवसांत काम फत्ते, पुढे मेंटेनन्स शून्य.' मी इंटिरिअरची कामं करतो, त्यामुळे ग्राहक हाच फोटो पाठवून विचारतात, 'आपल्याकडे होईल ना?' होईल की. फक्त त्या मजकुरावर विसंबून करू नका.

'नाममात्र बिलात हॉल उबदार.' यात चलाखी आहे. बिल ज्योतीचं सांगितलंय आणि ऊब हीटरची. दिसणारी ज्योत म्हणजे एलईडीचा खेळ, तिला वीज किरकोळ लागते. पण ऊब हवी तर आतली कॉइल चालू करावी लागते आणि ती साधारण 1500 वॉटची असते, म्हणजे तासाला दीड युनिट. बाजारात दीड-दोन हजारांत मिळणारा फॅन हीटरही तेवढ्याच विजेत तेवढीच ऊब देतो, समोर काच आणि ज्योत आहे म्हणून ती वाढत नाही. रोज 3 तास चालवली तर महिन्याला 135 युनिट. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांनंतर बदलतात. ज्या घरात महिन्याला 220 युनिट जळतात तिथे आकडा 355 वर जाईल आणि वरच्या 55 युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागेल.

शिवाय आपला हॉल आहे कसा? एका बाजूला डायनिंग, दुसरीकडे पॅसेज, समोर बाल्कनीची सरकती खिडकी, तिच्या फटीतून वारा. ऊब टिकणार कुठे? टीव्हीखाली शेकोटीची ही फॅशन ब्रिटनसारख्या थंड देशातली. तिथल्या जुन्या घरांत कोळशाच्या चुलाण्याचं धुराडं भिंतीतून पुढे आलेलं असायचं. गॅसचं हीटिंग आलं, चुलाणी विझली, पण बैठकीचं तोंड त्याच भिंतीकडे राहिलं. आता नव्या घरांत तो पुढे आलेला भाग लाकडी सांगाड्यावर मुद्दाम उभा करतात. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा हीटर लागेलही, पण ठाण्या-पनवेलच्या फ्लॅटमध्ये तुम्ही शोभाच विकत घेताय. घ्या, त्यात गैर काही नाही. मग हीटर नसलेलं किंवा तो बंद ठेवता येणारं मॉडेल पाहा.

'भिंत कोरून बसवा.' हे वाक्य लिहिणाऱ्याला आधी विचारलं पाहिजे, कुठली भिंत? नव्या टॉवरमध्ये बहुधा मिवानचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेलं बांधकाम असतं. तिथे हॉलची भिंत सहा इंचांच्या आसपास जाडीचं सळयांसह ओतलेलं काँक्रीट असते आणि वरच्या मजल्यांचा भार तीच पेलते. तिच्यात कोनाडा सोडाच, वायरसाठी झिरी मारायलाही बिल्डर आणि सोसायटी मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. वीट किंवा ब्लॉकची भिंत असली तरी पाच-सहा इंच खोल कोरल्यावर पलीकडे शेजाऱ्याचा हॉल निघायचा. म्हणून भिंतीपुढे खोटी भिंत उभारावी लागते आणि हॉलची तेवढी जागा जाते. दहा फूट रुंद हॉलमध्ये सोफा आणि सेंटर टेबल मांडून पाहा, मग ठरवा.

'साध्या प्लगवर चालते.' 1500 वॉट म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर. टीव्हीमागचा नेहमीचा सॉकेट 6 अँपिअरचा असतो आणि त्याच वायरवर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, साउंडबार लटकलेले असतात. त्यात हा हीटर घातला की आधी प्लग कोमट लागतो, मग पिवळा पडतो. यासाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, मेन बोर्डापासून वेगळी वायर आणि वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवी. वायरमनला सुताराच्या आधी बोलवा. टीव्हीच्या एचडीएमआय केबलसाठी तो सवयीने पाऊण इंची पाइप टाकेल, त्याच्या वळणातून प्लगचं डोकं जात नाही. दोन इंची टाकायला लावा.

'पीव्हीसी पॅनेल, दोन दिवसांत काम.' पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडतं, फोमचे हलके पॅनेल त्याआधीच वाकतात. ब्लोअरचं तोंड जिथे उघडतं तिथे अशी पट्टी लावणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. फायरप्लेसच्या भोवती सिमेंट बोर्ड किंवा टाइल घ्या, लुव्हर्सची हौस बाजूच्या भागात भागवा. कंपनीच्या कागदावर चारी बाजूंना सोडायची जागा लिहिलेली असते, ती सुतार 'फिनिशिंग बिघडतं' म्हणून बुजवतो. तिथे ऐकू नका.

टीव्हीचं काय, हे फॉरवर्ड सांगतच नाही. गरम हवा वर जाते आणि बहुतेक टीव्हींना भोवतालची हवा 40 अंशांपर्यंतच चालते. म्हणून गरम हवा पुढच्या बाजूने सोडणारं मॉडेल घ्या आणि टीव्हीच्या खाली थोडी पुढे आलेली शेल्फ द्या. उंचीचंही तसंच. फोटोतल्यासारखी आग मध्यावर घेतली तर 55 इंची टीव्हीची वरची कड जमिनीपासून दोन मीटरवर जाते. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे असतात मीटरभर उंचीवर. क्रिकेटचा अख्खा सामना असा मान वर करून बघायचा? आग जमिनीलगत, लांब आणि बुटकी घ्या, टीव्ही आपोआप खाली येतो.

'मेंटेनन्स शून्य.' आत पंखा आहे, ज्योत हलवणारी मोटर आहे, एलईडी आहेत. यातलं काही ना काही बिघडणारच, आणि दिवाळीत धूळ झटकताना फक्त काच पुसून भागत नाही. बाजूला स्क्रूचं एक झाकण ठेवा, ज्यातून हात आत जाईल आणि प्लग काढता येईल. हे माप देतानाच सुताराला सांगा. पॅनेल चिकटवल्यावर सांगितलंत तर तो वेगळी मजुरी मागेल, आणि ती द्यावी लागेल.