गाणी एकत्र, याद्या ज्याच्या त्याच्या

नमस्कार दादा,

"घरात कॉम्प्युटर एक, मग गाण्यांची लायब्ररीही एकच हवी, प्रत्येकाला वेगळं खातं काढून देऊन तुम्ही घरातच भिंती घालता," असं तुम्ही लिहिलंत. शिवाय सगळं मोबाइलवर मिळत असताना फाइली जपायच्या कशाला, असंही विचारलंत.

गाणी मलाही एकत्रच हवीत. विंडोजमध्ये 'युजर्स'च्या आत 'पब्लिक' फोल्डर असतं, मॅकवर 'शेअर्ड'. सगळ्या फाइली तिथे एकदाच ठेवायच्या. आयट्यून्ससारख्या प्लेअरची लायब्ररी ही नुसती नोंदवही असते: फाइल कुठे आहे, किती वेळा वाजली, किती स्टार दिले, कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे. ती तेवढी ज्याची त्याची असू द्या. आमच्या सासूबाई पहाटे हरिपाठ लावतात. त्यांच्या खात्यात शफल (गाणी कुठल्याही क्रमाने वाजवणं) चालू राहिलं तरी मध्येच नातवाचं रॅप सुरू होत नाही.

खरी काळजी डिलीटची. लायब्ररी एकच असेल आणि यादीतून गाणं काढताना कुणी 'फाइलही काढायची का?' याला हो म्हटलं, तर ते सगळ्या घराचं गेलं. म्हणून त्या फोल्डरमध्ये बदल करण्याची परवानगी एकाच खात्याला द्या, बाकीच्यांना फक्त वाचण्याची. आणि विंडोजवर गाणी तिथे नेताना कट-पेस्ट नको, कॉपी करा. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते, मग दुसऱ्याच्या खात्यात ती उघडतच नाही. प्लेअरमधली 'मीडिया फोल्डरमध्ये कॉपी करा' ही खूणही काढून टाका. ३२० केबीपीएसचं, म्हणजे वरच्या दर्जाच्या एमपीथ्रीचं, पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं. चार खात्यांत कॉपी झालं की ४८.

नवीन गाणं इतरांच्या यादीत आपोआप येत नाही, ज्याने त्याने फोल्डर पुन्हा ॲड करायचं. एवढा त्रास मला चालतो.

राहिला मोबाइल. वसंतराव देशपांडे नागपुरातच वाढले, त्यांची नाट्यपदं ॲपवर मिळतील. पण इथल्या महाल भागातल्या गणपतीत सासऱ्यांनी टेपवर उतरवून घेतलेली खंजिरी भजनं कुठून मिळणार? आम्ही ती कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतली. गाणारा कोण, हे सासूबाई आवाजावरून सांगत गेल्या आणि मी ते टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या माहितीच्या नोंदीत, लिहीत गेले. एमपीथ्रीचा टॅग फाइलीतच राहतो, त्यामुळे कुणाच्याही खात्यातून भजन लावलं तरी नाव दिसतं. एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवरही आहे.

तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर दादा, यंदाचं ऊन तापायच्या आत उतरवून घ्या. ओळखीचे आवाज सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर नावंही लिहून ठेवा.