फिटच्या गोळ्या पंधरा दिवसांत बंद? त्या मेसेजबद्दल थोडं

सध्या आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राह्यला. वर्षभर फिट आली नाही म्हणजे मिरगी मिटली, गोळी पहिला आठवडा अर्धी, दुसरा आठवडा पाव आणि पंधराव्या दिवशी बंद, वरून जडीबुटीची पुडी, कारण गोळ्या लिव्हर-किडनी खातात, आणि फिट आलीच तर चप्पल हुंगवा. राजेहो, मी मेडिकलवर बसतो, डॉक्टर नाही, पण किराण्याची उधारी मिटवावी तसं लोक गोळी मिटवाले निघाले म्हणून लिहितो.

वर्षभर फिट नाही, कबूल. पण ती गोळीनं दाबून ठेवलेली असू शकते ना भाऊ. डॉक्टर साधारण दोन वर्षं फिटविना गेली की कमी करायचा विचार करतात, तोही माणूस पाहून. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, दोन वर्षं फिट नसलेले हजारावर पेशंट होते, त्यात हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना पुढच्या दोन वर्षांत परत फिट आली आणि गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना. म्हणजे गोळी सुटतच नाही असंही नाही, निम्म्याहून जास्त लोकांचं निभावलं. ज्या पोराच्या हातातला चहाचा कप सकाळी उठल्या उठल्या झटक्यानं उडते, त्या प्रकारच्या मिरगीत मात्र बहुतेकदा गोळी कायमचीच लागते. आणि मेंदूत जंताची गाठ होती ती पूर्ण विरघळली तर डॉक्टर लवकरही सोडवतात, तिचा खडा होऊन राहिला असेल तर जास्त दिवस लागतात.

आता ते पंधरा दिवस. मेंदूले गोळीची सवय लागलेली असते, ती एकदम काढली की जुन्यापेक्षा मोठी फिट येऊ शकते, एकामागून एक, मधे शुद्धच नाही, जीव जाऊ शकतो यात. कमी करणं म्हणजे काही आठवड्यांनी थोडा थोडा डोस उतरवणं, एकूण काही महिने जातात, गार्डिनल आणि फ्रिसियमसारख्या फिटच्या गोळ्यांले तर अजून जास्त. दोन गोळ्या असतील तर एका वेळी एकच. अन् ती अर्धी-पाव भानगड, गिऱ्हाईक ब्लेडनं गोळी तोडून चुरा कागदात बांधून नेतात, पण गोळीच्या पत्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर, सीआर किंवा क्रोनो लिहिलं असेल तर ती कुटायची नसते, हळूहळू विरघळाले बनवलेली असते ती. रब्बीत रात्रीच्या लाईनीवर ओलिताले जाणाऱ्यानं त्या दिवसांत गोळी कमी करायले सुरुवातच करू नये, जागरणानं फिट येते आणि तिथं बाजूले विहीर असते.

लिव्हरची गोष्ट अर्धी खरी. व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीनं लिव्हरले त्रास होऊ शकते, लहान लेकरांत जास्त, म्हणून रक्त तपासतात. एप्टॉइन या दुसऱ्या गोळीनं हिरड्या सुजतात. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ अन् ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, तिथं डॉक्टर लगेच बंद करून दुसरी देऊ शकतात. सुनेले दिवस गेले म्हणून घाबरून घरच्या घरी व्हॅल्प्रोएट बंद करणं हे तर नकोच, ती बदलायची बोलणी लेकराचा विचार करायच्या आधीच डॉक्टरशी व्हावी.

पुडीबद्दल सांगतो. बिनकेमिकलच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत फेनोबार्बिटोन निघाल्याची प्रकरणं आपल्या देशात झालेली आहेत, म्हणजे तेच गार्डिनल, फक्त किती हे कोणाले माहीत नाही, आणि पुडी संपली की परत एकदम बंद.

चप्पल-कांद्यानं काही होत नाही बाप्पा. कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, घड्याळ पहा, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली की १०८ लावा, आणि चालू गोळीचा पत्ता सोबत खिशात टाका, डॉक्टर पहिले तोच मागतात.